कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ का लागतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डेस्कटॉप सावकाश सुरू होतो, अशी तक्रार करणारी पत्रं या वेळी सर्वाधिक आली. बहुतेक पत्रांत ‘फॉरमॅट करू का?’ किंवा ‘रॅम वाढवू का?’ असा प्रश्न आहे. वेळ नेमका कुठे जातो, हे मात्र फार थोड्यांनी लिहिलं आहे. खर्च करण्याआधी मोबाइलचं स्टॉपवॉच हातात घ्या आणि तीन आकडे कागदावर लिहा. पहिला, बटण दाबल्यापासून पडद्यावर फिरते ठिपके दिसेपर्यंत. दुसरा, तिथून पासवर्ड विचारला जाईपर्यंत. तिसरा, पासवर्ड टाकल्यापासून एखादा प्रोग्राम खरोखर उघडेपर्यंत. पहिला वेळ मदरबोर्ड आणि त्याला जोडलेल्या वस्तूंचा, दुसरा विंडोज, ड्रायव्हर (जोडलेल्या वस्तू चालवणारे छोटे प्रोग्राम) आणि डिस्कचा, तिसरा आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामचा, रॅमचा आणि पुन्हा डिस्कचा. खालची सगळी उत्तरं या तीन आकड्यांवर उभी आहेत.

प्रश्न : ऑफिसमध्ये तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, एच-61 मदरबोर्ड, 4 जीबी रॅम, 500 जीबी हार्ड डिस्क आणि विंडोज 10 आहे. डेस्कटॉप मिनिटभरात दिसतो, पण पुढची चार-पाच मिनिटं काहीच उघडत नाही. एक मेकॅनिक म्हणतो फॉरमॅट करा, दुसरा म्हणतो रॅम वाढवा. कुणाचं ऐकावं? – करसल्लागार, सांगली

दोघांचंही ऐकण्याआधी एक पाहणी करा. पासवर्ड टाकल्याबरोबर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘डिस्क’वर क्लिक करा. ती चार-पाच मिनिटं ‘ॲक्टिव्ह टाइम’ 100 टक्क्यांना चिकटलेला असेल आणि त्याच वेळी वाचण्याचा वेग सेकंदाला जेमतेम 1-2 एमबी दिसत असेल, तर अडसर हार्ड डिस्कचा आहे. तुमच्या वर्णनावरून तेच दिसेल, असं आम्हाला वाटतं.

डिस्क पूर्ण राबते आहे आणि तरी हाती काही येत नाही, याचं कारण तिच्या रचनेत आहे. 7200 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 7200 फेरे मारणारी तबकडी सेकंदाला 120 फेरे मारते, म्हणजे एक फेरा साधारण 8.3 मिलिसेकंदांचा. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे 4 मिलिसेकंद; त्याआधी ते डोकं योग्य वर्तुळावर सरकायला आणखी 8-9. एक तुकडा शोधायला असे 12-13 मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला 75-80 तुकडेच हाती लागतात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात. सलग मोठी फाइल कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला 100 एमबीच्या पुढे जाते, म्हणून ‘डिस्क तर चांगली आहे’ असा समज होतो. एसएसडी ही चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तिथे एक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मिळतो.

म्हणून पहिला खर्च एसएसडीवर करा. एच-61 मदरबोर्डवर साटाचा (डिस्क जोडण्याच्या नेहमीच्या वायरचा) जुना, 3 गिगाबिटचा वेगच मिळतो आणि एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या, जास्त वेगवान) एसएसडीवरून हा बोर्ड सुरू होत नाही. तेव्हा 2.5 इंची साटा एसएसडीच घ्या. खोक्यावर 500-550 एमबी लिहिलेलं असतं. तुमच्याकडे त्याचा साधारण निम्मा वेग मिळेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण सुरू होण्याचा वेळ वाचतो तो तुकडे झटपट सापडल्यामुळे, आणि तो फायदा जुन्या साटावरही मिळतो. 120 जीबीची घेऊ नका, ती वर्षभरात भरते; 240 किंवा 256 पासून पुढे बघा. एसएसडी नेहमी 15-20 टक्के मोकळी राहिली पाहिजे. ती काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग पडतो.

बसवताना गडबड होते ती तीन ठिकाणी. पहिली जागा, बायॉसमधला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममधला) ‘साटा मोड’. तो ‘आयडीई’वर असेल तर ‘एएचसीआय’ हवा, पण तो थेट बदललात तर विंडोज बंद पडून निळा पडदा येईल. आधी विंडोजमधलं ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘बूट’मध्ये ‘सेफ बूट’वर टिक करा, रीस्टार्ट करून थेट बायॉसमध्ये जा, मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग ती टिक काढा. दुसरी जागा, क्लोनिंग, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवणं. 500 जीबीची डिस्क 240 वर उतरवायची तर भरलेला डेटा 200 जीबीच्या आत आणा. बऱ्याच कंपन्या स्वतःच्या एसएसडीसोबत क्लोनिंगचं सॉफ्टवेअर मोफत देतात, ते वापरा. क्लोनिंग पूर्ण झाल्यावर कॉम्प्युटर बंद करा, जुन्या डिस्कची वायर काढा आणि फक्त एसएसडी जोडून पहिल्यांदा सुरू करा. दोन्ही जोडलेल्या ठेवल्या तर बऱ्याचदा जुन्याच डिस्कवरून विंडोज उठतो आणि ‘एसएसडी टाकूनही फरक नाही’ अशी तक्रार सुरू होते. तिसरी जागा, वीज. एसएमपीएसला (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाची मोकळी पिन नसेल तर जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून घेणारा कनेक्टर लावतात. त्यातले साच्यात ओतलेले, एकसंध प्लॅस्टिकचे कनेक्टर टाळा. आतल्या तारा एकमेकींना टेकून ते जळाल्याचे प्रकार घडले आहेत. तारा वेगळ्या खाचांत बसवलेला, मागे झाकण असलेला कनेक्टर मागा.

रॅमवाला मेकॅनिकही अगदी चुकीचा नाही. विंडोज 10 वर 4 जीबी अपुरी पडते. रॅम भरली की विंडोज डिस्कचा आधार घेतो आणि आधीच दमलेल्या डिस्कवर आणखी भार येतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’वर क्लिक केलं की ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं. दोनपैकी एक भरलेला असेल तर डीडीआर-3ची 4 जीबीची आणखी एक पट्टी टाका. पण क्रम लक्षात ठेवा : आधी एसएसडी, मग रॅम.

फॉरमॅट करून महिना-दोन महिने बरं वाटतं, मग पूर्वपदाला. शिवाय विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत बसत नाही. तुमच्याकडे अशिलांची करविषयक माहिती असते, म्हणून हे स्पष्ट लिहितो : एसएसडी घ्या, ती उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरलाही चालेल, पण या मदरबोर्डवर एसएसडी आणि रॅमची एक पट्टी, याहून जास्त पैसे घालू नका.

प्रश्न : व्हिडिओ पाहून एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या 4 केली, प्रीफेच फोल्डर रिकामं केलं, रजिस्ट्री क्लीनर टाकला. फरक पडला नाही. अजून काय करता येईल? – विद्यार्थी, कोल्हापूर

आधी केलेलं परत फिरवा. एमएसकॉन्फिगमधल्या त्या चौकटीत टिक नसते तेव्हा विंडोज प्रोसेसरचे सगळे कोअर (काम करणारे भाग) वापरतोच. ती सोय कोअर कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे, वेग वाढवण्यासाठी नाही. तुमच्या प्रोसेसरला सहा किंवा आठ थ्रेड (विंडोजला दिसणारे कोअर) असतील तर 4 लिहून तुम्ही उलट क्षमता कापली. तिथेच ‘मॅक्झिमम मेमरी’वर टिक केली असेल तर तीही काढा, त्यानेही रॅमवर मर्यादाच येते.

प्रीफेचमध्ये कोणता प्रोग्राम उघडताना कोणत्या फाइली लागतात, याच्या नोंदी असतात. ते रिकामं केलं की पुढची काही सुरुवात उलट सावकाश होते आणि विंडोज त्या नोंदी नव्याने तयार करतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदी; तिचा क्लीनर काढून टाका. नको त्या नोंदी काढताना हव्या असलेल्या नोंदी जाण्याचा धोका खरा आहे, वेगातला फायदा जाणवण्याइतकाही नाही. एसएसडी डीफ्रॅग करण्याचा (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावण्याचा) सल्लाही अशा व्हिडिओंत असतो. विंडोजचं ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ एसएसडी ओळखून तिच्यावर ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी असल्याचं तिला कळवणं) चालवतं, तेवढं पुरे. बाहेरचं डीफ्रॅग सॉफ्टवेअर नको.

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी आहे, तरी पासवर्डनंतर दीड मिनिट जातो. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत 19 नावं आहेत, त्यातल्या सात नावांपुढे ‘हाय’ असं दिसतं. कोणती बंद केली तर चालतील? अकाउंटिंग सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचा डोंगल रोज लागतो. – लेखापाल, नाशिक

‘हाय’ या शिक्क्याला घाबरू नका. सुरुवातीला एक सेकंदापेक्षा जास्त प्रोसेसरचा वेळ घेणाऱ्या किंवा 3 एमबीपेक्षा जास्त डिस्क वापरणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला तो लागतो. आजच्या कुठल्याही चॅट ॲपला 3 एमबी म्हणजे काहीच नाही. प्रोग्राम सकाळी कॉम्प्युटर उघडल्याबरोबर लागतो की गरज पडेल तेव्हा उघडला तरी चालतो, एवढंच स्वतःला विचारा. मीटिंगची ॲप, गाण्यांची ॲप, प्रिंटर कंपनीचा ‘शाई संपली’ सांगणारा मदतनीस, पीडीएफ सॉफ्टवेअरचा अपडेटर, ब्राउझरचं पार्श्वभूमीत चालणं, हे सगळं ‘डिसेबल’ करा. प्रिंटिंग थांबत नाही. ते ड्रायव्हर आणि ‘प्रिंट स्पूलर’ या पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसवर चालतं.

डिजिटल सहीच्या टोकनचं, म्हणजे तुमच्या डोंगलचं सॉफ्टवेअर चालू ठेवा. जीएसटी पोर्टलवर सही करण्यासाठी लागणारं ईएमसाइनर रोज लागत नसेल तर ते आपोआप सुरू व्हायचं बंद करा आणि रिटर्न भरायच्या दिवशी हाताने उघडा. ध्वनीचा, टचपॅडचा, ग्राफिक्सचा घटक आणि अँटिव्हायरस यांना हात लावू नका. अँटिव्हायरस मात्र एकच हवा. जुन्या अँटिव्हायरसची मुदत संपली म्हणून दुसऱ्या कंपनीचा टाकला आणि पहिला काढलाच नाही, असं ऑफिसांत वारंवार दिसतं. मग उघडणारी प्रत्येक फाइल दोघंही तपासतात. कंट्रोल पॅनेलमधून काढल्यावरही त्याचे ड्रायव्हर मागे राहू शकतात, म्हणून त्या कंपनीचं खास काढून टाकणारं साधन वापरा.

स्टार्टअपच्या यादीत न दिसणारी मंडळी ‘सर्व्हिसेस’मध्ये असतात. बरीच अकाउंटिंग आणि बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर (माहिती साठवणारा प्रोग्राम) सोबत टाकतात आणि सॉफ्टवेअर बदललं तरी तो तसाच राहतो. ‘सर्व्हिसेस’ उघडा, एसक्यूएल सर्व्हरच्या नावावर दोनदा क्लिक करून कंसातलं नाव पाहा. जुन्या सॉफ्टवेअरचा असेल तर आधी त्या सॉफ्टवेअरच्या माणसाशी बोलून बॅकअप घ्या, मग तो काढा. सध्याच्या सॉफ्टवेअरचा असेल तर ‘स्टार्टअप टाइप’ बदलून ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ करा. बाकीच्या सर्व्हिस सुरू झाल्यावर साधारण दोन मिनिटांनी तो उठेल. पण हाच कॉम्प्युटर सर्व्हर असेल आणि बाकीचे टेबल त्याला जोडलेले असतील, तर हे करू नका. ती दोन मिनिटं सगळ्यांनाच ‘कनेक्ट होत नाही’ असा संदेश येईल.

याच्याशी जोडलेलं आणखी एक कारण, दुसऱ्या कॉम्प्युटरवरची फोल्डर. ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून जोडलेला कॉम्प्युटर सकाळी बंद असला की तुमचा विंडोज त्याची वाट बघत राहतो आणि शेवटी ‘सगळे नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत’ असं सांगतो. ऑफिसमध्ये जो पहिला येईल त्याने सर्व्हर आधी सुरू करावा, एवढ्यानेही बरंच भागतं.

प्रश्न : शट डाउन करून सुरू केला तर 20 सेकंदांत तयार होतो. रीस्टार्ट केला तर दीड मिनिट लागतो. रीस्टार्टमध्ये काही बिघाड आहे का? – नागपूर

बिघाड नाही. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात ‘शट डाउन’ केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवरच्या एका फाइलमध्ये जसेच्या तसे साठवले जातात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलले जातात. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचा खरा वेळ दीड मिनिट आहे. टास्क मॅनेजरमध्ये ‘सीपीयू’खाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री बंद करूनही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसेल.

हार्ड डिस्क असेल तर ही सोय चालू ठेवा, पण आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. अडकलेला ड्रायव्हर शट डाउनने सुटत नाही आणि काही अपडेटही रीस्टार्टशिवाय पूर्ण होत नाहीत. एसएसडी असेल तर फरक थोड्या सेकंदांचाच. सकाळी यूएसबी किंवा वाय-फाय हटकून रुसत असेल तर ही सोय बंदच करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘पॉवर बटण काय करेल ते निवडा’, मग वरच्या निळ्या ओळीवर क्लिक करून ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची टिक काढा. तो पर्यायच दिसत नसेल तर कुणीतरी हायबरनेशन (चालू स्थिती डिस्कवर साठवून बंद होण्याची सोय) बंद केलेलं आहे. एकाच डिस्कवर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टमही ठेवली असेल तर बंद करणंच योग्य, नाहीतर विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) लिनक्समधून लिहिता येत नाही.

प्रश्न : रायझन 5 7600, डीडीआर-5ची 32 जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी असा नवा कॉम्प्युटर जुळवला. बटण दाबल्यावर जवळजवळ 50 सेकंद पडदा काळा असतो, मग विंडोज दहा सेकंदांत येतो. जुना आय-फाइव्ह याच्याआधी सुरू व्हायचा. एसएसडी सदोष आहे का? – पुणे

एसएसडीचा यात काहीच दोष नाही, आणि ती बदलायला दुकानात नेऊही नका. तुम्हीच लिहिलंय की विंडोज दहा सेकंदांत येतो. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर वर ‘लास्ट बायॉस टाइम’ असा आकडा असतो, तो पाहा. 40-50 सेकंद दिसले तर वेळ मदरबोर्डच खातो आहे.

डीडीआर-5 इतक्या वेगाने चालते की प्रत्येक पट्टीपर्यंतचे सिग्नल कधी पाठवायचे आणि कधी वाचायचे, हे मदरबोर्डला चाचण्या घेऊन ठरवावं लागतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. 2022 मध्ये एएम-5 सॉकेट (तुमचा रायझन बसतो ती मदरबोर्डवरची खाच) आलं तेव्हापासून ही तक्रार आहे. बायॉसमध्ये रॅमच्या पानावर ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रीस्टोअर’ असा पर्याय शोधा. तो ‘एनेबल’ केला की मागच्या वेळी जमलेली मापं पुन्हा वापरली जातात आणि दर वेळची चाचणी टळते. त्याआधी मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून नवा बायॉस टाका. सुरुवातीच्या आवृत्त्यांत हा पर्याय चालू केल्यावर निळे पडदे येत. नव्या बायॉसवरही तसं झालं तर ‘पॉवर डाउन एनेबल’ हा शेजारचा पर्याय चालू करून पाहा. तरीही जमलं नाही तर कॉन्टेक्स्ट रीस्टोअर बंद करा आणि ते 50 सेकंद सोसा. चुकीच्या मापांवर चालणारी रॅम तुमच्या फाइली खराब करू शकते.

16 जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर उत्तम. चार पट्ट्या भरल्या की ट्रेनिंगला वेळही जास्त लागतो आणि वेगही उतरतो. बायॉस अपडेट केल्यावर, रॅम बदलल्यावर किंवा मदरबोर्डचा सेल काढल्यावर पहिल्या वेळी पडदा कित्येक मिनिटं काळा राहू शकतो. पंखे फिरत असतात, चित्र येत नाही, आणि माणूस घाबरून बटण बंद करतो. त्या वेळी हात लावू नका. 10-15 मिनिटं थांबा.

जुन्या कॉम्प्युटरवरही पहिला वेळ लांबत असेल तर कारण वेगळं असतं. ‘मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल’ अशी ओळ दिसत असेल तर कॉम्प्युटर आधी नेटवर्कवरून सुरू व्हायचा प्रयत्न करतो आहे. बायॉसमध्ये लॅन बूट बंद करा आणि बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा तुमची डिस्क सर्वांत वर आणा. कार्ड रीडर, बाहेरची हार्ड डिस्क, यूएसबी हब काढूनही एकदा वेळ मोजा.

प्रश्न : रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतो. हल्ली सकाळी ‘प्रेस एफ-1’ असा संदेश येतो, तारीख चुकलेली असते आणि बँकेची साइट उघडत नाही. पावसाळ्यात तर दोन-तीनदा बटण दाबावं लागतं. – रत्नागिरी

मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. सीआर-2032 हा 3 व्होल्टचा नाण्यासारखा सेल कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. भिंतीवरचं बटण चालू असतं तेव्हा एसएमपीएसमधून येणारी थोडी वीज हे काम करते. तुम्ही बटण बंद करता तेव्हा सगळा भार सेलवर. तरीही बटण बंद करायची सवय सोडू नका, कोकणात विजा कडाडतात तेव्हा प्लगच काढून ठेवणं शहाणपणाचं. सेल स्वस्त आहे. मल्टिमीटरवर 2.7 व्होल्टच्या खाली दिसला की बदला.

काढण्याआधी बायॉसच्या पानांचे मोबाइलवर फोटो घ्या, विशेषतः साटा मोड आणि बूटचा क्रम यांचे. हे दोन मूळपदावर गेले की विंडोज सुरूच होत नाही आणि लोक डिस्क गेली असं समजतात. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, क्लिप हलकी बाजूला सारून सेल उचला, नवा बसवताना लिहिलेली, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवा. मग तारीख लावा. बँकेची साइट तेवढ्याने उघडेल. सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत कॉम्प्युटर स्वतःच्या तारखेवरून तपासतो.

दोन-तीनदा बटण दाबावं लागणं हा दमट हवेचा परिणाम असू शकतो. तेवढ्याच वेळात रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी पट्टा पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा कॅबिनेटच्या बाहेर झटका, स्लॉटमध्ये ब्लोअरची हवा मारा, आणि दोन्ही खटके ‘टक्’ वाजेपर्यंत पट्टी दाबा. पट्टा काळा पडला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून पूर्ण सुकू द्या. एवढ्यानेही सुटलं नाही तर एसएमपीएस दुसरा लावून पाहा.

प्रश्न : शाळेच्या लॅबमध्ये उबंटू लिनक्स आहे. तीन मशिनवर ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ असं लिहून बरोबर 1 मिनिट 30 सेकंदांचा आकडा चालतो. – शिक्षक, लातूर

तो आकडाच कारण सांगतो. नोंदवलेली एखादी डिस्क सापडली नाही तर उबंटू सुरू करणारा सिस्टमडी हा प्रोग्राम 90 सेकंद वाट बघतो. या तीन मशिनमधून दुसरी डिस्क काढली असेल किंवा स्वॅपचं पार्टिशन (रॅम भरल्यावर वापरायचा डिस्कचा भाग) पुन्हा बनवलं असेल. ‘ईटीसी’मधली ‘एफएसटॅब’ ही फाइल उघडा, सध्याच्या डिस्कच्या यादीशी ओळख क्रमांक ताडून पाहा, आणि न सापडणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह घाला. डिस्क कधी जोडलेली असते, कधी नसते, अशी असेल तर पर्यायांमध्ये ‘नोफेल’ लिहा. फाइलची एक प्रत आधी काढून ठेवा.

प्रश्न : विंडोज एसएसडीवर टाकला, जुनी 1 टीबीची हार्ड डिस्क फोटोंसाठी आत ठेवली. महिनाभर झकास चाललं. आता सुरू व्हायला तीन मिनिटं लागतात, कधी ‘दिस पीसी’ उघडताना हिरवी पट्टी सरकतच राहते. एसएसडी इतक्यात खराब झाली का? – डोंबिवली

एसएसडीवर संशय घेण्याआधी जुन्या डिस्ककडे बघा, आणि आजच बघा. विंडोज कुठूनही सुरू होवो, सुरू होताना तो जोडलेली प्रत्येक डिस्क तपासतो. एखादी डिस्क खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असेल तर बाकी सगळं तिच्यासाठी खोळंबतं. खात्री करायची असेल तर कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, त्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढा आणि पुन्हा सुरू करा. वीस-तीस सेकंदांत विंडोज आला तर गुन्हेगार सापडला.

आता ती डिस्क मरायला टेकली आहे की फक्त वायर सैल आहे, हे ठरवायचं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्यातली 05, सी-5, सी-6 आणि सी-7 या चार ओळी महत्त्वाच्या. 05 म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, सी-5 म्हणजे वाचता न येणाऱ्या, निकाल बाकी असलेल्या जागा, सी-6 म्हणजे दुरुस्त न झालेल्या. या तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवा. सी-5 मध्ये आकडा आहे आणि तो दोन दिवसांत वाढला, तर ती डिस्क विश्वासाची राहिली नाही. फक्त सी-7 वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा. केबल बदला, दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. तो जुना आकडा शून्यावर येत नाही, तो पुढे वाढायचा थांबला की झालं. हे आकडे सॉफ्टवेअर हेक्स (सोळाच्या पायावरच्या) पद्धतीत दाखवतं, मेनूमधून ते दशमान करून घ्या. आणि सीगेटच्या डिस्कवर 01 आणि 07 समोर अवाढव्य संख्या दिसतात. त्या तशाच असतात, त्यावरून डिस्क फेकू नका.

विंडोजच्या नोंदीही बोलतात. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिस्टम’ उघडा आणि ‘डिस्क’ या स्रोताच्या 7 आणि 153 क्रमांकांच्या नोंदी शोधा. 7 म्हणजे खराब जागा आढळली, 153 म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. सुरू होण्याच्या वेळेच्याच मिनिटाला त्या असतील तर आणखी पुरावा नको.

डिस्क खराब आहे असं ठरलं तर पुढचा क्रम चुकवू नका, कारण आत फोटो आहेत. ‘चेक डिस्क’ आत्ता चालवू नका. खराब जागा शोधण्यासाठी ते अख्खी तबकडी वाचतं, आणि दमलेल्या डिस्कचे उरलेले तास त्यात जातात. आधी ज्यांची दुसरीकडे प्रत नाही ते फोटो, मग कागदपत्रं, आणि पुन्हा मिळण्यासारखे सिनेमे सगळ्यात शेवटी, असं छोट्या छोट्या फोल्डरने दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जा. बऱ्याच फाइली अडकत असतील तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ‘डीडीरेस्क्यू’ चालवणाऱ्या जाणकाराकडे द्या. ते आधी चांगला भाग उचलतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं. कट-कट असा ठराविक अंतराने आवाज येत असेल तर मात्र लगेच वीज बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्यांशी बोला. त्या अवस्थेत दर वेळी सुरू करून पाहिलं की डोकं तबकडीला घासण्याची शक्यता वाढते, आणि घासलेल्या जागेवरचे फोटो कुणालाच परत आणता येत नाहीत.

फोटो हाती आल्यावर नवी डिस्क घ्या, पण जुनीवरून काढलेल्या प्रती नीट उघडतात का, हे वेगवेगळ्या फोल्डरमधले फोटो मोठे करून तपासल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नका.